कोसुर्ली स्टेशनची घंटा

"ताई, माह्या नवऱ्यानं घंटा नाई चोरली जी," काजल म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

आर्वीची छोटी गाडी बंद पडली आणि कोसुर्ली स्टेशनची रया गेली. व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा तेवढा शाबूत होता. तीच स्टेशनची घंटा. परवा ती नाहीशी झाली आणि काजलचा नवरा राकेश भंगारवाला असल्यामुळे कोठडीत गेला.

तिचं ऐकून खासगी गुप्तहेर पौर्णिमाबाई मेश्राम तिच्यासोबत स्टेशनवर पोचल्या. मदतनीस मिहिरही होता. ती उजाड जागा पाहूनच त्याचं मन खट्टू झालं.

झुडपांत सुटे रूळ गंजत पडले होते. घंटेची तार तुटलेली नव्हती. पीळ उलगडून ती नीट खुंटीला अडकवली होती.

"भंगारवालाच!" मिहिरनं निकाल देऊन टाकला. "दुसऱ्या कोणाला लोखंड काय करायचंय?"

बाकावर घोंगडी पांघरून म्हातारे नानाजी बसले होते. गाडीसाठी रूळ बदलणारे जुने पॉइंट्समन. डोकं भ्रमलेलं, तरी रोज येऊन घंटा देत.

"नानाजी, घंटा कोणी नेली?"

"गाडी लेट आहे," ते म्हणाले. "पुलगाव सोडलं नाई अजून."

गावात नानाजींच्या घरी त्यांच्या बायकोनं, तानाबाईनं, चहा दिला. "राकेशले सोडवा जी. त्यानं नाई नेली."

भिंतीवर, डोक्यावरच्या ओझ्याखाली घ्यायच्या चुंबळीला तांबूस डाग होते. "विटा वाहता का, आजी?" मिहिरनं विचारलं.

"या वयात?" ती म्हणाली.

पौर्णिमाबाईंनी कप खाली ठेवला.

"चोराला लोखंड हवं असतं, तर झुडपांतले रूळ फुकट पडलेत. नेली फक्त घंटा. म्हणजे कोणाला तरी ती वाजायला नको होती. तारही पक्कडीनं तोडली नाही, हातानं सोडवली. राकेशनं ती सायकलला बांधली असती. ही डोक्यावरून गेली. चुंबळीला गंज लागलाय, तानाबाई."

मिहिरचा चेहरा पडला. दारात थांबलेली काजल आत आली.

"विहिरीत टाकली," तानाबाई म्हणाली. "घंटा द्याले जाता जाता आमचे हे दोनदा नाल्यात पडले. म्हटलं, घंटा नाई तं जाणं नाई. मंग राकेशले नेलं, अन् मले बोलाचं भेव वाटलं."

"ठाण्यात चला, खरं सांगा. आणि नानाजींना घरी आणा. थंडी आहे."

"कसे आणू? पयले घंटा दिली का गाडी गेली समजून घरी येत. आता परवापासून बाकावरून उठतच नाईत. घंटा झाल्याबिगर ड्युटी सुटत नाई म्हणतात." ती हुंदके देऊ लागली.

काजलच्या डोळ्यांत अंगार होता. तरी तिनं म्हातारीच्या अंगावर शाल टाकली.

"चाला ठाण्यात, आजी. माह्या माणसाले बाहेर काढा. विहिरीतली घंटा काढाले गळ त्याच्यापाशीच आहे."