तीन तासांचं अंतर

नर्स दारातच उभी राहिली. खुर्ची पुढे केली तरी बसेना.

“वहिनींनी मला चोर ठरवलं,” ती म्हणाली. “गल्लीभर सांगितलं. आता कुठला पेशंट मला घरात घेईल?”

“गेलं काय?” टाचणीने विचारलं. खाजगी तपास करणाऱ्या या बाईचं हे नाव तिच्या नजरेमुळे पडलं होतं.

“पत्रं. साहेबांना त्यांच्या धाकट्या भावाने परदेशातून लिहिलेली. साहेबांची नजर गेल्यावर मीच वाचून दाखवायची. मागच्या महिन्यात साहेबही गेले.”

“असं काय होतं त्यांत?” हा प्रश्न कंपाउंडरचा. निवृत्तीनंतर तो टाचणीसोबत फिरे.

“दर वेळी तेच. यायचं फार मनात आहे, पण विमानाचा अख्खा दिवस जातो, तेवढी रजा मिळत नाही. साहेब वाट बघत गेले.”

साहेबांच्या बायकोला सगळे वहिनीच म्हणत. तिघं त्यांच्या घरी पोचली, तेव्हा त्यांनी नर्सला जिन्यातच थांबवलं आणि बाकी दोघांना आत घेतलं.

“रविवारी दहाला पत्रं कपाटात पाहिली. शेजारी गेले. अकराला आले तर गायब! किल्ली कुंडीखाली असते, हे हिलाच ठाऊक.”

“दिराला?”

“भावजींना? ठाऊक आहे की. आठवडाभर इथेच होते. पण आठलाच निघाले ते.”

“पत्रं वाचणार होतात?”

“हो. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे जायचंय. म्हटलं, आधी पत्रं वाचून काढते. त्यांनाही बोलले तसं.”

“पोचल्याचा फोन आला?”

“उतरल्या उतरल्या. मी चारचा चहा टाकत होते.”

टाचणीने तिथूनच दिराला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि रविवारी दहा ते अकरा, पत्रं गेली तेव्हा, तो कुठे होता ते विचारलं.

“मी दीडला उतरलो,” तो म्हणाला. “टॅक्सीची पावती पाठवतो. तीन तासांचं विमान, म्हणजे उडालं साडेदहाला. विमानाच्या खिडकीतून हात घालून कपाट उघडलं का मी?”

कंपाउंडर कुजबुजला, “सुटला हा. राहिली नर्स.”

“सुटला नाही, सापडला,” टाचणी म्हणाली. “दीडला उतरलात ते तिथल्या घड्याळात. त्याच वेळी फोन केलात, तेव्हा इथे चार. तुमचं घड्याळ आमच्या अडीच तास मागे. चारातून विमानाचे तीन तास गेले, म्हणजे ते इथून उडालं एकला. आठला निघालात, पण अकरापर्यंत याच गल्लीत थांबायला वेळ होता.”

टाचणी थांबली नाही.

“आणि पत्रांत अख्खा दिवस लागणारं विमान आता तीन तासांत कसं पोचलं? वहिनी पत्रं वाचून विमानात बसल्या असत्या, तर त्यांनाच कळलं असतं.”

वहिनी फोनजवळ सरकल्या.

“दादाला अंथरुणावर बघायची हिंमत नव्हती, वहिनी,” फोनवरून दीर म्हणाला. “एकदा खोटं लिहिलं. मग लाजेने तेच लिहीत गेलो. पत्रं माझ्याकडेच आहेत. परत…”

“ठेवा तिकडेच,” वहिनी म्हणाल्या. “मी कुणाला बोलू? स्वतः काय केलंय मी?”

त्या दारात गेल्या. नर्स जिन्यातल्या कठड्याला टेकून उभी होती. वहिनींची मान वर होईना.

नर्सने त्यांच्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं.

“सुजेवरची, पाण्याची गोळी घेतली नाहीत ना?”

“कुठली कधी घ्यायची, कळतच नाही गं,” वहिनी म्हणाल्या, आणि दारातून बाजूला झाल्या.