पिण्यास अयोग्य

हिवरटोल्यात बाळाचं जावळ पूर्वी थेट नदीला जायचं. गेल्या दोन वर्षांपासून ते आधी फणीकडे जातं, मग नदीला.

नऊ महिन्यांची मैना मामाच्या मांडीवर रडून रडून दमली होती. न्हाव्याने शेवटचा हात फिरवला. आत्याने पोळीवर झेललेल्या केसांतली एक बट गावच्या आशा सेविका कुंदा उईकेने उचलली आणि फणीच्या दातांत बसवली. ही फणी केस विंचरत नाही, वाचते. पाण्यातलं आर्सेनिक, म्हणजे जुन्या लोकांचं सोमल, बरंचसं लघवीवाटे निघून जातं. थोडं मात्र केसात अडकून बसतं. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो. म्हणून कुठल्या महिन्यात किती विष पोटात गेलं, ते फणी पट्ट्यांनी दाखवते.

टोकाकडचा पट्टा कोरा होता. मुळाकडचे तीन सेंटीमीटर लाल.

मैनेची आई हिरकन्या पुढे सरकली. "मशीन बिघडली असन ताई. आमच्या घरी गंजमाठ हाये."

गंजमाठ खरंच होता, ओसरीवर, झाकलेला. त्याच्या तळाशी गंज चढवलेली वाळू असते. सोमल गंजाला चिकटून राहतं, खाली स्वच्छ पाणी ठिबकतं. दिवसाला दोन कळशा, जास्त नाही.

"तीन महिन्यांपूर्वी काय बदललं?" कुंदाने विचारलं.

"उष्टावण झालं," हिरकन्या म्हणाली, आणि तिने सासऱ्याकडे, झितरूकडे पाहिलं.

ती कोसा रेशीम कातायला गेली की दुपारी नातीला भाताची पेज झितरूच पाजायचा.

"झितरूबाबा, पेजेला पाणी कुठलं?"

"लाल हातपंपाचं," तो बिनदिक्कत म्हणाला. "फलकावर लिवलं हाये, पिण्यास अयोग्य. मी एक घोट पेलो नाही. पोट्टीले बी पाजला नाही. पेज पाजली. अन् खळखळ उकळलं होतं, दोन येळा. माहा भात बी त्याच पान्यात शिजते. माठाचं पानी सूनबाईसाठी ठेवत होतो. अंगावर पाजते ना ते."

कुंदाने फणी खाली ठेवली. "बाबा, उकळून जंतू मरतात. सोमल खडकातून येतं, ते मरत नाही. पाणी आटतं अन् ते तेवढंच राहतं. उलट दाट होतं."

झितरू तिच्याकडे वळला. "वीस वर्षं कोन सांगत होतं, पानी उकळून प्या? शाळेच्या भिंतीवर पातेलं काढलं होतं, वाफेसकट. कागद तूच वाटत होतीस ना, बाई?"

वाटत होती. कुंदाने मान खाली घातली. तिला जे दिलं गेलं ते तिने वाटलं होतं. पाण्यात सोमल आहे हे जिल्ह्याच्या कार्यालयाला कळून अकरा वर्षं झाली होती. त्यांनी पंप लाल रंगवला, दोन शब्दांचा फलक ठोकला आणि जीपमध्ये बसून निघून गेले. 'स्वयंपाकालाही नको' एवढं लिहायला वाटीभर रंग जास्त लागला असता.

"पोट्टीले काही होईल का?" झितरूने विचारलं.

"आज थांबलं तर बहुतेक नाही. सहा महिन्यांनी पुन्हा वाचू. नवे केस कोरे यायला पाहिजेत."

मैना भुकेने कुरकुरू लागली. झितरू जागचा हलला नाही. सोमलाने त्याच्या तळव्यांवर तांदळाच्या कण्यांसारखे टणक दाणे उठले होते. ते हात त्याने पाठीमागे नेले. "तूच चार तिले. माह्या हातानं नको."

हिरकन्येने माठातलं पाणी पातेल्यात ओतलं, चुलीवर ठेवलं, मूठभर तांदूळ टाकले आणि पळी त्याच्यापुढे धरली.

"मामाजी, माह्या हातची थुंकते ते. वरून मलेच डोळे दाखवते. उठा."

तो उठला. पेज निवेपर्यंत फुंकत बसला, पहिला थेंब स्वतःच्या मनगटावर टेकवून बघितला. टकल्या मैनेने आ वासला.

वाटी संपल्यावर त्याने कुंदाला हाक मारली. कानामागचे दोन पांढरे केस उपटून तिच्या हातावर ठेवले. फणीने ते वाचले. टोकापासून मुळापर्यंत कुठेच कोरं नव्हतं.

"हे वाचलेलं कुठं जाते?"

"जिल्ह्याच्या कार्यालयात."

"बरं." नातीच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवत तो म्हणाला, "मंग त्यायले माह्या नावानं विचार. फलकावर आनखी एक ओळ लिवाले किती डोक्यांचे केस लागतेत?"