डाव्या कानातला सूर

कानाचं माप द्यायला गेले, तिथून हे सगळं सुरू झालं. कपड्याचं माप असतं, चपलेचं असतं, तसं कानाचंही असतं हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कानांत गार, गुलाबी लगदा भरला आणि तो सुकेपर्यंत हलू नका, बोलू नका म्हणाल्या. मी आणि न बोलणं! पण बसले मुकाट. त्या साच्यावरून माझ्या कानात तंतोतंत बसतील असे दोन इयरफोन बनणार होते. शेजारणीला मी म्हटलं, कानातलं करायला टाकलंय, तर ती सोन्याचा भाव विचारायला लागली.

तर मी गाते. आमचा बँड आहे. माझा धाकटा भाऊ त्यात ड्रम वाजवतो, आणि इतकी वर्षं तो माझ्या डाव्या हाताला बसूनच वाजवत आलाय. त्याच्या झांजांनी आणि स्टेजवरच्या ढणढणत्या स्पीकरांनी माझा डावा कान गेला. गेला म्हणजे साफ गेला. त्या बाजूला कोणी भांडं आपटलं तर ते मला समोरच्याच्या दचकण्यावरून कळायचं. मग उजवाही कुरकुरू लागला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं, "एकतर आवाज बंद करा, नाहीतर गाणं."

गाणं बंद? त्यापेक्षा मी जेवण बंद केलं असतं.

तोड भावानं काढली. स्टेजच मुकं करायचं. स्टेजवर एकही स्पीकर ठेवायचा नाही, गिटारची वायर थेट मिक्सरला लावायची आणि खऱ्या ड्रमऐवजी रबरी पॅड बडवायचे. सगळं संगीत तारेतून साऊंडवाल्याकडे जाणार, तो ते आमच्या प्रत्येकाच्या कानात हवं तेवढंच सोडणार, आणि लोकांना सभागृहातल्या स्पीकरमधून ऐकू जाणार. भावाला हे मनापासून नकोसं होतं. "उशी बडवल्यासारखं वाटतं गं ताई," म्हणाला. पण केलं त्यानं. माझ्यासाठी केलं.

तालमीला आम्ही एका बंद पडलेल्या छापखान्याचा तळमजला घेतला होता. यंत्रं केव्हाच गेली होती, पण शाईचा वास भिंतींतून गेला नव्हता. भर दुपारीसुद्धा तिथे दिवे लावावे लागत. पहिल्या दिवशी मी ते इयरफोन घातले आणि काय सांगू! भावाचा ठोका, गिटारची तार न् तार, माझा स्वतःचा श्वास, सगळं लख्ख. इतक्या वर्षांत मी स्वतःला एवढं नीट कधी ऐकलंच नव्हतं. मध्येच गंमत म्हणून उजवा काढून बघितला, तर खोलीत फक्त टक्-टक्, टक्-टक्, आणि चार बाप्ये डोळे मिटून डुलतायत. मला हसू आवरेना. परत घातला आणि गायला लागले.

आणि तेव्हा तो सूर आला. डावीकडून.

बाईचा आवाज होता. माझ्याच जातीचा, पण माझ्यापेक्षा मोकळा. मी षड्जावर थांबले की ती वर गंधारावर जाऊन उभी राहायची. डाव्या कानात! ज्या कानावर मी कधीच पाणी सोडलं होतं, त्या कानात! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. गाणं संपल्या संपल्या मी ओरडले, "अरे, तो डावीकडचा सूर जरा वाढव रे!"

साऊंडवाल्यानं मान वर केली. "कुठला सूर?"

"तो बाईचा. डावीकडचा."

"ताई, डावीकडे मी काही सोडलेलंच नाही. तो कान गेलाय ना तुमचा? तिकडची तारही जोडलेली नाही. नुसतं बूच आहे ते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हसून वेळ मारून नेली. घरी जाऊन तो डावा इयरफोन दिव्याखाली उलटासुलटा करून पाहिला. तार खरंच अर्ध्यातच कापलेली होती.

गेलेल्या कानात घंटा वाजतात, शिट्ट्या वाजतात, हे डॉक्टरीणबाईंनी मला आधीच सांगितलं होतं. पण घंटा काही सुरात गात नाहीत. आणि ही तर माझ्या आधी श्वास घ्यायची. दर कडव्याच्या तोंडाशी अगदी कानाला लागून तिचा श्वास यायचा... मग माझा. एकदा सगळे चहाला गेले असताना मी एकटीच थांबले आणि हळूच विचारलं, "कोण आहेस?"

शाईचा वास एकदम दाटला. तिनं श्वास घेतला... आणि सोडलाच नाही. मीही तशीच, छाती भरून, उभी. भावानं दार ढकललं तेव्हा कुठे दोघींचा सुटला.

कोणाला सांगायचं सोडून मी खुशीत होते हो! पोरवयात पहिल्यांदा माइक हातात आला होता, तशी खुशीत. तिच्याबरोबर गाताना माझा गळा असा फिरायचा की भाऊसुद्धा पॅडवरून मान वर करून बघायचा.

मुक्या स्टेजवरच्या पहिल्याच कार्यक्रमात दुसऱ्या कडव्याला मला ठसका लागला. मी तोंड फिरवलं, खोकले, पाणी प्याले, अख्ख्या दोन ओळी बुडाल्या. म्हटलं, झालं, अब्रू गेली. पण समोर कोणाची पापणी हलेना. नंतर साऊंडवाल्यानं मला बोलावून हेडफोन दिला. "हा फक्त तुमच्या माइकचा आवाज रेकॉर्ड केलाय. स्टेज मुकं असल्याचा हाच फायदा, यात दुसरं काही मिसळत नाही. ते दुसरं कडवं ऐका. काय गायलात, ताई!"

ऐकलं. ठसका नव्हता. पाणी पिणंही नव्हतं. त्या दोन ओळी होत्या, माझ्या आवाजात, आणि मी आजवर गायले नव्हते तशा.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. त्या रात्री मी झोपले नाही. भीतीनं म्हणाल तर थोडी भीतीनं, पण जास्त आनंदानं.

मग पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "उजवा झपाट्यानं उतरतोय. का ते मला सांगता येत नाही. आवाज तर तुम्ही कमी केलाय..." डावा त्यांच्या मशीनवर अजून ठार बहिराच होता. भाऊ बाहेर बाकावर बसला होता. ऐकून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बस झालं ताई. पुढचा कार्यक्रम शेवटचा. तू माझं बोलणं ऐकू शकणार नसशील तर ते गाणं काय करायचंय मला?"

मी हो म्हटलं. त्याच्यासमोर दुसरं काही म्हणवेना.

त्या शेवटच्या कार्यक्रमाला सभागृह तुडुंब भरलं होतं. लोक जिन्यात बसले होते. मी मनाशी ठरवून आले होते, आज एकदा बघायचंच. शेवटचं गाणं रंगात आलं, ती वरच्या सुरावर चढली, आणि मी तोंड मिटलं. घट्ट, ओठांवर ओठ.

गाणं चालूच राहिलं. सभागृहभर माझा आवाज घुमत होता आणि मी माइकसमोर मिटल्या तोंडानं उभी. पहिल्या रांगेतली माणसं भारावून माझ्याकडे बघत होती, माझ्या ओठांकडेही बघत असतील... आणि कोणाला काही खटकत नव्हतं. भाऊसुद्धा हसत, घामाघूम होऊन वाजवत होता.

मग मी हात वर नेला आणि डावा इयरफोन उपसला.

सगळं जागच्या जागी थांबलं. भावाचे हात वरच्या वर राहिले. मी गायला तोंड उघडलं तर गळ्यातून हवा आली, नुसती हवा... समोर एवढी माणसं आणि कोणी खोकेनासुद्धा. घाईघाईत इयरफोन कानात जाईना. गेला. श्वास ऐकू आला, अगदी शांत, जणू काही झालंच नव्हतं. आणि सूर जिथे तुटला होता तिथूनच पुढे निघाला. लोकांना वाटलं ही आमचीच करामत. टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं त्यांनी!

घाबरले का? घाबरले. पण खोटं कशाला बोलू, तसल्या टाळ्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या, माझा पाय जमिनीवर ठरत नव्हता. मागच्या खोलीत भावानं मला उचलून गरगर फिरवलं. "शेवटचा कसला ताई! आत्ताच तिघांनी पुढच्या कार्यक्रमाचं विचारलंय!" मग त्यानं मला खाली ठेवलं. "पण तुझा उजवा कान..."

"तो मी जपणार," मी म्हटलं. "तो आहे तोवर तुझा ठोका ऐकू येतो मला. तेवढा एक ठोका सोडून बाकी सगळं गेलं तरी चालेल, तो नाही द्यायची मी कोणाला." हे मी मोठ्यानं बोलले. डावा इयरफोन तेव्हा अजून कानातच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही इयरफोन टेबलावर डबीत होते, डबीचं झाकण बंद होतं. भाऊ तालमीला पुढे निघाला होता. माझ्याकडे पाठ करून, दाराशी वाकून तो बुटाची नाडी बांधत होता. मी मोरीच्या उंबऱ्यावर दात घासत उभी होते, तोंड फेसानं भरलेलं.

नाडी बांधता बांधता तो थांबला. कोणीतरी मागून बोलावं आणि आपण कान द्यावा, तसा. मग त्यानं मान डोलावली.

"बरं बाई, तुझ्या मनासारखं होऊ दे," तो म्हणाला. "सांगतो साऊंडवाल्याला. आजपासून उजव्या कानातही काही सोडायचं नाही."

मी ब्रश तसाच तोंडात धरून घशातून ओरडले, भिंतीवर हात आपटला. नाही... नाही...

त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही.

"हो गं, कळलं," असं म्हणत त्यानं दार उघडलं. "दोनदा कशाला सांगतेस?"