तार लागली

काही गोष्टी भरदुपारी घडतात, त्यामुळे सांगताना कंदील बारीक करण्याचीही सोय राहत नाही. ही त्यातलीच. पण ऐकणाऱ्यानं जरा जवळ सरकून बसावं, कारण आवाज मोठा करून सांगायची ही गोष्ट नाही.

सुरुवात अगदी साध्या कामानं झाली. फेब्रुवारीतला मंगळवार होता. पांढरकवड्याच्या एसटीत कंडक्टरजवळ नवऱ्यासाठी सोल्डरची गुंडी देऊन आणि बाजारातून सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेऊन शीला घाटंजीतल्या सासरच्या घरी परतली. लग्नाला चार महिने झाले होते, आणि त्यातले तीन प्रफुल्ल जिनिंगांमध्ये होता. कापूस मोजायचे इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करणं हे त्याचं काम. त्या वर्षांत कापसाचा भाव असा बसला होता की ऐन हंगामात एखाद्या जिनिंगला कुलूप लागे आणि प्रफुल्लला काम शोधत पुढच्या गावाला जावं लागे. आपला नवरा दर आठवड्याला थोडा थोडा लांब जातो आहे, एवढं शीलाला नकाशा न बघताच कळलं होतं.

बाहेरच्या खोलीत एक बाई बसलेली होती. मुस्कान मॅडम, यवतमाळच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळत. समोर शीलाची सासू, मथुराबाई, भिंतीला पाठ लावून गप्प. ही खोली म्हणजे एके काळी सासऱ्यांचं, मारोतीबाबांचं, रेडिओ दुरुस्तीचं दुकान. सहा वर्षांपूर्वी ह्याच टेबलापाशी काम करता करता ते गेले. हृदय बंद पडलं, असं सगळे सांगत.

"मावशी, तो व्हॉल्वचा पॉवर सप्लाय काकांकडेच दुरुस्तीला राहिला आमचा," मुस्कान मॅडम म्हणत होत्या. "लोखंडी डब्बा, एवढा मोठा."

"पोत्याखाली आहे. तसाच न्या."

"तसाच नेऊन काय त्याची आरती करू? पुढच्या बुधवारी पोरांची परीक्षा आहे. गॅसच्या नळ्या पेटवायला हजार-बाराशे व्होल्ट लागतात. नवीन मंजूर होईपर्यंत मी रिटायर होऊन जाईन."

"प्रफुल्ल नाई घरी."

"मी करतो," शीला म्हणाली.

दोघींनी तिच्याकडं पाहिलं. त्या घरात ती न विचारता बोलली, ही पहिलीच वेळ. पुसदच्या आयटीआयचं इलेक्ट्रॉनिक्सचं सर्टिफिकेट तिच्या ट्रंकेत लग्नातल्या साड्यांच्या खाली होतं. साड्यांची घडी मोडू नये म्हणून पुठ्ठ्यासारखं ते बरं पडे.

"भाभी, हा चालला ना," मुस्कान मॅडम हळूच म्हणाल्या, "तर असे आणखी चार आहेत आमच्या कपाटात. सगळे तुमच्याकडं. तुमच्या नावानं. सोमवारी चार वाजता मी गाडी घेऊन येते."

तुमच्या नावानं. शीलानं ते शब्द खडीसाखरेसारखे बराच वेळ तोंडात धरले.

मॅडम गेल्यावर मथुराबाई उठल्या. जाता जाता, मागं न बघता म्हणाल्या, "तार लावल्याबिगर हात नको घालू त्यात." आणि चुलीकडं गेल्या. एरवी दिवसाला त्यांचे दहा शब्द होत. आजचे संपले.

टेबल आतल्या दाराला आडवं लावलेलं होतं. डब्याचं तोंड दुकानाकडं, पाठ दाराकडं. शीलानं झाकण काढलं तेव्हा जळक्या मेणाचा आणि जुन्या धुळीचा वास आला, आणि त्याखाली आणखी काहीतरी, ओल्या कापडासारखं. आत तीन काचेचे व्हॉल्व, भलामोठा ट्रान्सफॉर्मर आणि तेलानं भरलेले दोन कंडेन्सर. अशा डब्याची गंमत ही, की वीज बंद केली तरी ती आत राहते. कंडेन्सर तिला धरून ठेवतो, आणि हात लावणाऱ्याची वाट पाहतो. म्हणून एक तार असते, लाकडी दांडीला बांधलेली, दोन्ही टोकांना दातेरी क्लिपा. डब्याच्या पाठीमागून ती लावली की ठिणगी पडते आणि डबा शांत होतो. तरी तार काढली की थोड्या वेळानं थोडी वीज आपोआप वर येते. आयटीआयचे मास्तर त्याला एक इंग्रजी नाव सांगत. शीलाला ते नाव पाठ होतं, पण पटलेलं नव्हतं.

खणात सासऱ्यांची वही सापडली. शेवटच्या पानांवर अक्षर मोठं आणि वाकडं झालेलं: *मोतीबिंदूनं डब्यातलं दिसत नाही. मी विचारीन, तार? मथुरा मागून क्लिपा लावून सांगेल, लागली. मगच हात.*

दांडी मिळाली. तार मात्र कुठंच नव्हती. शीलानं नवी केली आणि पाठीमागच्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगली.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार तिनं त्या डब्यात काढले. वाळून गेलेल्या वायरी बदलल्या, व्हॉल्वचे पाय घासले, मेलेल्या मीटरची सुई तशीच मेलेली ठेवली. शंभराचा बल्ब मध्ये जोडून वीज जरा जराशी आत सोडली, आणि तिसऱ्या दिवशी व्हॉल्वच्या पोटात नारिंगी उजेड धरला. दाखवायला कोणी नव्हतं. प्रफुल्लचा फोन आला तो शेजारच्या उकंडा टेलरच्या दुकानात, आणि टेलरची मशीन थांबवून सगळे ऐकत असताना व्हॉल्वचं काय सांगणार. "बरी आहेस ना?" "बरी आहे." झालं.

मग ती एकटीच तो खेळ खेळू लागली. वीज बंद केली की मोठ्यानं विचारायचं, "तार?" मागं जाऊन क्लिपा लावायच्या, आणि आपणच सांगायचं, "लागली." त्या घरात हाकेला ओ देणारं माणूस तेवढंच होतं, ती स्वतः.

शनिवारी पौर्णिमा होती. मथुराबाई पांढरं लुगडं नेसून बारालाच विहारात गेल्या. शीलानं उन्हाची झळ नको म्हणून खिडकी लावून घेतली, बल्ब काढून डबा पहिल्यांदाच पुऱ्या विजेवर चालवला. तो गुणगुणू लागला. खोल, पोटातून. दीड वाजता भारनियमन सुरू झालं आणि गावातले सगळे आवाज एकदम खाली बसले. पंखा फिरत फिरत थांबला. व्हॉल्वमधला उजेड आधी लाल झाला, मग गेला. अंधाऱ्या खोलीत घाम पुसत शीला सवयीनं म्हणाली,

"तार?"

"लागली," डब्याच्या पलीकडून आवाज आला.

मथुराबाईंचा आवाज. आतल्या दारातून, घाईघाईचा, दुसऱ्या कामात असलेल्या बाईचा. शीलाला भीती वाटली नाही. चार महिन्यांत ह्या घरानं तिला पहिल्यांदा उत्तर दिलं होतं. सासूबाई आल्या, आपला खेळ त्यांनी ऐकला, आणि तार लावलीसुद्धा! हसू आवरत तिनं हात आत घातला.

पण आयटीआयच्या मास्तरांचा एक टोमणा तिच्या बोटांत बसलेला होता: आधी पेचकस मरू द्या, मग तुम्ही. हाताच्या पुढं लाकडी मुठीचा पेचकस, स्क्रूड्रायव्हर, गेला.

काडकन आवाज झाला. निळा उजेड साऱ्या खोलीभर पडला, आणि त्या क्षणभराच्या उजेडात तिला भिंत दिसली. खिळ्याला तार टांगलेली होती.

पेचकसाचं टोक वितळून त्याचा मणी झाला होता. कानात शिटी वाजत होती. शीला खोली ओलांडून आत गेली. "आई?" चूल थंड. अंगणात वाळत घालायची दोरी रिकामी. बाहेरच्या दाराची कडी तिनंच आतून लावली होती. ती तशीच होती.

तीनला मथुराबाई विहारातून खिरीचा डबा घेऊन आल्या. शीलानं कडी काढली.

"आई, तुम्ही मधात घरी आलता का?"

"कायले येईन? रामीबाईच्या बाजूले बसून होतो मी पुरा वेळ."

"मले आवाज आला... तुमचा. मी तार म्हणलं, अन् तुम्ही..."

मथुराबाईंनी खिरीचा डबा खाली ठेवला. हळूहळू त्याच्या शेजारी स्वतःही बसल्या.

"काय म्हणलं मी?"

"लागली."

त्या बोलल्या तेव्हा आवाज इतका बारीक होता की शीलाला गुडघे टेकून जवळ बसावं लागलं.

"पाणी भुरभुरून राह्यलं होतं त्या दिवशी... त्यायचा धुतलेला सदरा दोरीवरून उडे. चिमटे सापडेनात. तं मी तेच तार दांडीवरून सोडून नेलं... त्याच्या क्लिपा लावल्या सदऱ्याले. अन् यायनं आतून विचारलं. सवयच होती ना पोरी... रोजची सवय. अंगणातूनच म्हणून देलं मी."

"आई..."

"सदरा हातात होता माह्या. मी तार डोयानं पाहून राह्यली होती, अन् म्हणलं, लागली." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "कोणाले सांगतलं नाई. प्रफुल्लले बी नाई. तुले काहून सांगून राह्यली, तेही समजत नाई."

शीलानं खिरीचा डबा उघडला आणि दोन वाट्यांत वाढली. दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही. दोघींनी खाल्ली. ती रात्र दोघींनी एकाच खोलीत काढली.

रविवारी तिला खोट सापडली. साठलेली वीज हळूहळू जिरवायला एक रेझिस्टन्स असतो, त्याला केसाएवढी चीर होती. तो बदलला. आता सोमवारी एकदा पुऱ्या विजेवर चालवून बघायचा, की चारला गाडीत. नाही चालला, तर सर्टिफिकेट पुन्हा साड्यांखाली.

सोमवारी मथुराबाई न सांगता दुकानात आल्या. डब्याच्या पाठीमागं, आतल्या दारात, तार बांधलेली दांडी धरून उभ्या राहिल्या. सहा वर्षं त्या ह्या उंबऱ्यावर थांबल्या नव्हत्या. शीलानं खिडकी सताड उघडली. डबा अर्धा तास गुणगुणला, कुठं धूर नाही, वास नाही. मग तिनं बटण बंद केलं.

सासूकडं बघत तिनं विचारलं, "तार?"

मथुराबाईंनी तोंड उघडायच्या आत त्यांच्या मागून, अंगणातून, उत्तर आलं.

"लागली."

तोच आवाज. पण सहा वर्षांनी लहान, बेफिकीर, अजून काहीच न घडलेल्या सुखातला. मथुराबाईंचे ओठ मिटलेले होते. क्लिपा अजून दांडीच्या टोकालाच लोंबत होत्या.

"मागं नका पाहू, आई," शीला कुजबुजली.

मथुराबाईंनी मागं पाहिलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी दांडी धरली, वाकून एक क्लिप लावली, मग दुसरी. बारीकशी ठिणगी पडली. दांडी सोडून, डब्याकडं नीट निरखून बघून, त्या सावकाश म्हणाल्या,

"आता लागली."

अंगणात काहीतरी ओलं दोरीवरून खाली पडल्यासारखा आवाज झाला. बस्स. नंतर काही नाही.

परीक्षा झाली. मुस्कान मॅडमनी उकंडा टेलरकडं फोन करून सांगितलं की नळ्या अशा पेटल्या की पोरं लिहायची विसरली. पंधरा दिवसांनी दुसरा डबा आला. वरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, *शीलाताई, घाटंजी.* ती चिठ्ठी तिनं खिळ्याजवळ चिकटवली. मथुराबाई आता दिवसाला शंभर-दीडशे शब्द बोलू लागल्या, आणि शीलाला कधीकधी त्यातले पंचवीस कमी झाले तरी चाललं असतं.

हंगाम संपला, प्रफुल्ल घरी आला. बायकोच्या नावाची चिठ्ठी त्यानं दोनदा वाचली. "माह्याच घरात मलेच हेल्पर ठेवतं का?" म्हणून हसला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या डब्याशी बसला. विचारायचं कसं, उत्तर द्यायचं कसं, सगळं शीलानं समजावून दिलं होतं. आईची गोष्ट तेवढी सांगितली नव्हती. ती त्यांची होती.

मथुराबाई विहारात गेल्या होत्या. डबा गुणगुणत होता. प्रफुल्लचा सदरा झटकून शीला अंगणातल्या दोरीवर घालत होती. दोन्ही हातांत सदऱ्याची टोकं, आणि लावायचा चिमटा दातांत धरलेला. गुणगुणणं थांबलं.

"तार?" आतून प्रफुल्लनं विचारलं.

"लागली," चुलीजवळून कोणीतरी म्हणालं.

पुसदकडचा हेल. शेवटचं अक्षर जरा ओढून म्हणायची लकब. शीलाला तो आवाज ओळखायला क्षणभर लागला, कारण आपला आवाज आपल्याला बाहेरून कधी ऐकू येत नाही.

सदरा मातीत पडला. ती चुलीशेजारून धावली. तिथं कोणी नव्हतं. प्रफुल्लची बोटं कंडेन्सरपासून वीतभर अंतरावर असताना तिनं त्याचं मनगट धरलं आणि सगळ्या अंगाचा जोर लावून मागं ओढलं.

"काय झालं वो?" तो दचकून म्हणाला. मग त्याची नजर भिंतीकडं गेली. खिळ्याला तार टांगलेली होती. त्याचा चेहरा उतरला. "पण... तूच तं म्हणली ना आत्ता. लागली म्हणून. मी ऐकलं ना तुह्या तोंडून..."

चिमटा अजून शीलाच्या दातांत होता.