अँटेनावालीचं उत्तर

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली, तेव्हा आत नेमकी दोनच माणसं होती. खोटं वाटेल, पण त्या लिफ्टला कुणासाठी अडकायचं ते बरोबर कळत असे.

तो यानवाला. ती दुसऱ्या देशातली अँटेनावाली. कुठल्याही देशाच्या अवकाशयानाचं बोलणं कुठल्याही देशाच्या अँटेनाला कळावं म्हणून नियम ठरवायला बैठक होती. तिकडेच दोघं निघाले होते.

"मी म्हणतो, यानानं पाठवलेल्या निरोपाच्या प्रत्येक तुकड्याची पोच द्यायला हवी," तो म्हणाला.

"म्हणजे यान बिचारं पोचपावत्याच वाचत बसणार! जे हरवलं तेवढंच मागावं. सगळं मिळालं, की गप्प."

"तुम्ही घरीही अशाच?"

"ताई म्हणते, मी घरात आहे की नाही ते दिवा लावल्यावर कळतं."

बैठकीत तिचाच नियम मंजूर झाला. तो हरला, आणि का कोण जाणे... खुशीत होता. पुढच्या बैठकांत दोघांच्या खुर्च्या सरकत सरकत इतक्या जवळ आल्या, की मधून टाचणी जाईना.

मग एका वादळानं त्याच्याकडची अँटेना आडवी केली. यान तर धूमकेतूजवळ, पोटात फोटो भरून. तिनं आपली अँटेना तिकडे वळवली. नियम एकच, त्यामुळे परक्या यानाचा शब्द न् शब्द तिला कळला. त्याच्या कित्येक वर्षांच्या कष्टांचं चीज झालं. भरल्या डोळ्यांनी त्यानं निरोप धाडला — 'तुझे उपकार कसे विसरू? लग्न करशील माझ्याशी?'

उत्तर नाही. आठवडा गेला. फोन करायचा धीर होईना. माणूस इतका वाळला, की त्याची सावली त्याच्याहून जाड दिसू लागली. शेवटी विमान पकडून तो तिच्या दारात उभा राहिला.

"या, या," ताई म्हणाली. "तुमचीच खोली रंगवतेय ती."

तो चक्रावला. आत ती भिंतीशी, हातात ब्रश.

"नकार तरी द्यायचास..."

"कसला नकार? निरोप पूर्ण मिळाला. काही हरवलं असतं तर मागितलं नसतं का मी?"

ताईनं कपाळाला हात लावला. "अगं, माणूस आहे तो. यान नाही."

ती कानापर्यंत लाल झाली. "हो," ती हळूच म्हणाली. "लग्नाला... हो." मग जरा थांबून — "मी गप्प बसले, की लोक मला शिष्ट म्हणतात आणि निघून जातात. तू विचारायला आलास. थँक्यू."

त्यानं तिच्या हातातला ब्रश घेतला आणि उरलेली भिंत रंगवायला लागला.