घाटातला मावसभाऊ

खुलताबादहून म्हैसमाळला निघालेल्या गोकुळ ड्रायव्हरच्या जीपमध्ये प्रेरणाला शेवटची जागा मिळाली. तीही कशी? मांडीवर बॅग, बॅगेवर छत्री आणि शेजारी एक उंचापुरा अनोळखी मुलगा.

“बॅग द्या इकडं,” तो म्हणाला. “नाही तर वर पोचेपर्यंत तुम्ही दिसायच्याच नाहीत... मग मी बघू काय?”

अगं बाई! भलताच धीट निघाला की हा!

“घाट आहे ना बघायला,” ती म्हणाली, पण बॅग दिली.

घाट बघण्यासारखाच होता. श्रावण ऐन भरात, डोंगर हिरवेगार, मध्येच ऊन, मध्येच धुकं. विश्वजीत त्याचं नाव, वरच्या रोपवाटिकेत कामाला. ती संभाजीनगरची, वरच्या शाळेत आजच रुजू होणार. चौथ्या वळणावर जीप कलली आणि त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला. तिनं आपला खांदा मागं घेतला नाही. खरं सांगायचं तर तिला तो फार आवडला होता.

पण आमच्याकडं जीपमध्ये बसलं, की नातं निघाल्याशिवाय उतरायची सोय नाही. मागच्या सीटवरच्या चतुराबाईंनी तोंड घातलंच.

“कुणीकडची गं तू?”

“संभाजीनगरची, आजी. आईचं माहेर देवगाव रंगारी.”

“अन् तुझ्या आईचं रं?”

“देवगावच,” विश्वजीत म्हणाला.

“अगं माय! एका गावच्या लेकी म्हंजे बहिणीच की! तुमी तर मावसभावंडं. चार दिवसांवर राखी पुनव आलीय पोरी, बांध त्याला राखी!”

सगळी जीप हसली. प्रेरणाचं तोंड मात्र उतरलं. राखी? याला? तिनं खांदा हळूच आवरून घेतला. उरलेला घाट तिनं काचेला नाक लावून बघितला, पण दिसलं काहीच नाही.

म्हैसमाळला सगळे धुक्यात उतरले. चतुराबाई तुरुतुरु पुढं गेल्या. विश्वजीतनं बॅग तिच्या हातात दिली. आता याला ‘दादा’ म्हणायचं... पण जीभच उचलेना. शेवटी तिनं विचारलं,

“तुमचं आजोळ... देवगाव रंगारीच ना?”

“नाय हो. आमचं पैठणकडचं देवगाव.”

“मग मघाशी बोलला का नाहीत?”

“बोलणारच होतो. पण राखी म्हटल्याबरोबर तुमचं तोंड असं उतरलं... लई बरं वाटलं बघा. म्हटलं, चला, आपण एकटेच नाय.”

प्रेरणाला राग आला, हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

“मोठे शहाणे! इथं माझा जीव चालला होता...”

“म्हणजे?”

“म्हणजे आवडलात तुम्ही मला! झालं समाधान?”

मघाचा तो धीट पोरगा कानापर्यंत लाल झाला.

“मग... आता काय करायचं?”

“रविवारी संभाजीनगरला घरी या. आईला भेटा,” छत्री उघडत ती म्हणाली. “आणि गाव सांगताना तालुक्यासकट सांगा.”