मधली हातभर माती

त्या दिवशी सकाळपासूनच आभाळ राखेच्या रंगाचं होतं. वैशाख सरत आलेला, वारा कुठं नाही. सोलापूरचं ऊन एरवी पाठ सोलून काढतं, पण त्या दिवशी ऊनही नव्हतं. वरून झाकण ठेवल्यासारखी नुसती वाफ. रुद्रभूमीच्या, आमच्या दफनाच्या जागेच्या, फाटकाजवळचा लिंब पान हलवत नव्हता. मी त्याच्या बुडाशी बसून कुदळीला दांडा बसवत होतो, तेव्हा प्रभुलिंग आला.

"चनमल्लप्पा, जगदेवी गेली. खड्डा काढ."

माझ्या निम्म्या वयाचा माणूस, पण मला एकेरीच बोलायचा. मी म्हणालो, "जागा ठरलेलीच हाय की, अण्णा. दानम्माक्काच्या शेजारी."

जगदेवी आणि दानम्मा उभा जन्म एका खोलीत राहिल्या. समोरासमोर सुपं घेऊन विड्या वळायच्या. प्रभुलिंग दानम्माच्या बहिणीचा मुलगा. आई गेली तेव्हा त्या दोघींनीच त्याला विड्यांवर वाढवला. दोघींनी लग्न केलं नाही. का केलं नाही ते गल्लीला ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं. संक्रांतीच्या आसपास दानम्मा गेली, तेव्हा जगदेवीनं माझा हात धरून एकच मागणं मागितलं होतं.

आम्हा लिंगायतांत मढं आडवं ठेवत नाहीत. खड्ड्याच्या भिंतीत कोनाडा कोरायचा आणि माणसाला त्यात बसवायचं, हातात गळ्यातलं इष्टलिंग देऊन. नवरा-बायको असतील तर माझा बाप दोन खड्डे असे काढायचा, की दोघांच्या कोनाड्यांच्या पाठी एकमेकींना लागाव्यात. मधे हातभर माती. जगदेवीला तेच हवं होतं.

मी ते सांगितलं तसा प्रभुलिंग हसला. "पाठीला पाठ? नवरा-बायको हुत्या व्हय त्या?"

"हुत्याच की. तुमी त्यांच्या मांडीवर वाढलाय, तुमाला मी काय सांगू?"

त्याचं हसू गेलं. "माझी पोर सृष्टी त्या गल्लीतल्या ऋतुजाचा हात सोडंना झालीया. या म्हातारीनंच डोक्यात भरवलं. आज खोलीत कोंडून आलोय तिला. ह्या दोघींना शेजारी बसवलं तर उद्या त्या पोरी हितं फुलं घिऊन येतील. पार त्या कोपऱ्यात काढ, नाल्याकडंला. कुत्री मुतत्यात तितं."

मी पुन्हा एकदा विनवलं. त्यानं फाटकाकडं बोट केलं. नको असेल तर दुसरा माणूस आणतो म्हणाला. दुसऱ्यानं कसंही खोचलं असतं तिला. मी कुदळ उचलली.

कोपऱ्यातला मुरूम कठीण. दुपार कलली तरी मी कमरेएवढाच होतो. छातीएवढं खाली गेल्यावर कोनाडा कोरायला घेतला. पाचदहा घाव घातले असतील, आणि कुदळ एकदम आत गेली. पलीकडं पोकळ होतं.

त्या भोकातून वास आला. विड्यांसाठी भिजवलेल्या टेंभुर्णीच्या पानांचा, तंबाखूचा, आणि मागोमाग विभूतीचा.

मी वाकून पाहिलं. आत एक पाठ होती. हिरवं इरकल, काठ खांद्यावर नीट लावलेला. तो काठ मीच लावला होता, संक्रांतीच्या दिवसांत. दानम्माला मीच बसवलं होतं. पण ते तिकडं, लिंबाखाली, फाटकाजवळ. मधे अख्खी रुद्रभूमी पडली होती.

मी बघत असताना ती पाठ सरकली. एसटीत कुणाला जागा करून देतात तशी.

"काय झालं रं?" जगदेवीला टेम्पोत घालून घेऊन आलेला प्रभुलिंग वरून विचारत होता.

"अण्णा... तुमीच बघा."

तो उतरला. भोकाला डोळा लावला. मग दोन्ही हातांनी माती भरू लागला, नखं मोडेपर्यंत. भरेल तितकी माती आत जात होती, भोक बुजत नव्हतं.

"मावशीच ना..." मी हळू म्हणालो. "बसवू द्या जगदेवीला. हितंच बसवू द्या, अण्णा..."

"माती द्यायचीच न्हाय तिला," तो म्हणाला. "जाळतो."

आमच्यात जाळत नाहीत. त्यानं जाळलं. टेम्पोतच तिच्या गळ्यातलं लिंग तोडून घेतलं, आणि नाल्यापलीकडं नेऊन टायर घालून पेटवलं. रडायला कुणाला येऊ दिलं नाही. मी भिंतीशी उभा राहून बघत होतो.

धूर सरळ वर जायला हवा होता, वारा नव्हताच. तो वर गेला नाही. नाला ओलांडून जमिनीलगत आला, मेंढरांच्या कळपासारखा, माझ्या पायांमधून पुढं गेला, आणि लिंबाखाली दानम्माच्या मातीवर जाऊन थांबला. थोड्या वेळानं तिथं धूर नव्हता. वर गेलेला मी पाहिला नाही. मातीला हात लावला, चटका बसला.

दिवस मावळताना शेजारची केराबाई आली. शेरडं बांधायच्या आधी ती प्रभुलिंगाच्या घरी जाऊन आली होती. भिंतीपल्याड उभी राहिली, आत येईना. पदर तोंडाशी धरलेला.

"मामा, सृष्टीच्या खोलीचं कुलूप आत्ता काढलं. खिडकीचं गज तसंच हायत. आत पोरगी न्हाय. फरशीवर नुस्ता हितल्यासारखा मुरूम पडलाय, घमेलंभर... ऋतुजा बी घरात न्हाय, तितं बी तेवढाच."